१३ मेला फातिमा (पोर्तुगाल): आम्ही ख्रिस्ती नाही, गुडघे दुखतात, तरी जावं का?

चारुशीला_सातारा

नमस्कार मंडळी. मी निवृत्त शिक्षिका, वय ६६. लेक दोन वर्षांपासून लिस्बनला नोकरीला आहे. येत्या ८ मेला तिच्याकडे तीन आठवड्यांसाठी निघते आहे. व्हिसा, तिकिटं सगळं झालं.

प्रश्न वेगळाच आहे. माझ्याबरोबर एकवीस वर्षं एकाच शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत, माहेर वसईचं, कॅथलिक. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या. मी पोर्तुगालला निघाले असं सांगितलं तेव्हा त्या काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. "चारू, तेराला तू तिथंच असशील ना? मग फातिमाला जा आणि माझ्या नावाची एक मेणबत्ती लाव." त्यांचे दोन्ही गुडघे बदललेत, एवढा प्रवास आता त्यांच्याने होणार नाही. फातिमा म्हणजे तिथलं मरियामातेचं तीर्थस्थान. मी हो म्हणून बसले.

लेकीला सांगितलं तर ती वैतागली. म्हणते, त्या दिवशी लाखांनी माणसं येतात, हॉटेलं कधीच भरलेली असतात, आपण वीस तारखेला निवांत जाऊ, मेणबत्तीला काय कळतंय तारीख. तिचंही खरं आहे. पण बाईंनी तेरा सांगितली आहे.

तर कुणी गेलं आहे का? आमच्यासारख्यांना आत सोडतात का? सगळे गुडघे टेकतात तेव्हा आपण काय करायचं? (माझेही गुडघे यथातथाच.) रात्रभर उभं राहावं लागतं का? साडी चालेल का? प्रसाद देतात तो घ्यायचा की नाही? आणि स्वच्छतागृहाचं काय, हे विचारायला लाजत नाही, या वयात तोच पहिला प्रश्न असतो.

तेजो_काठचा

काकू, मी लिस्बनमध्ये सहा वर्षं आहे. तुमच्या लेकीच्या बाजूने बोलतो, रागावू नका.

मे ते ऑक्टोबर दर महिन्याच्या १२-१३ तारखेला तिथे मोठा सोहळा असतो, त्यातला मे आणि ऑक्टोबरचा सर्वांत मोठा. २०१७ मध्ये मरियामातेच्या तिथल्या दर्शनाला शंभर वर्षं झाली म्हणून पोप फ्रान्सिस आले होते, तेव्हा सुमारे ५ लाख लोक होते. दरवर्षी एवढे नसतात, पण मेमध्ये गाडी लावायला जागा शोधताना तसंच वाटतं. मेणबत्त्यांची मिरवणूक उन्हाळ्याच्या मोसमात रोज रात्री साडेनऊला असतेच. साध्या मंगळवारी जा, पुढे उभं राहायला मिळेल आणि रात्री घरी येऊन झोपता येईल.

तेरालाच जायचं असेल तर बसने जा. लिस्बनच्या सेत रियुश स्थानकावरून दीड तासात पोचते. जातानाचं आणि येतानाचं तिकीट आजच काढा. मुक्काम फातिमात मिळणार नाही. लैरिया, ओरें, तोमार इथे बघा. स्वेटर आणि पावसाचा कोट दोन्ही घ्या. गाव डोंगरावर आहे, मेच्या रात्री चांगलीच थंडी वाजते.

"आमच्यासारख्यांना" म्हणाल तर दाराशी कोणी विचारत नाही, कारण दारच नाही, उघडं मैदान आहे. इथल्या गुजराती हिंदू कुटुंबांत तर फातिमाची फार भक्ती आहे. ही मंडळी मूळची दीव आणि सौराष्ट्राकडची, तिथून मोझांबिकला गेलेली आणि १९७५ नंतर इकडे आलेली. माझ्या घरमालकीणबाईंच्या देवघरात अंबामातेशेजारी फातिमाची मूर्ती आहे. दोघींना रोज एकाच ताटातून आरती.

सरळसोट

मी गेलोय, मुद्दाम नव्हे, टूरवाल्याने नेलं म्हणून. माझं मत विचारलं नाही तरी देतो. बाजार आहे सगळा. गल्ल्याच्या गल्ल्या दुकानं, अंधारात चमकणाऱ्या मूर्ती, हवा बदलली की रंग बदलणाऱ्या मूर्ती, मेणाचे हात, मेणाचे पाय, मेणाची डोकी. आपल्याकडच्या देवस्थानांना नावं ठेवणाऱ्यांनी एकदा बघून यावं. आणि ती माणसं फरशीवरून गुडघ्यांवर सरपटत जातात ते बघवत नाही. एकविसावं शतक आहे म्हणे. तीन लहान मुलांना झाडावर कोणी दिसलं, त्यावर हे सगळं उभं.

मॅडम, लेकीचं ऐका. सिंत्राला जा, छान राजवाडे आहेत.

बावखल

चारुशीलाताई, जा. आणि तेरालाच जा. तेजोसाहेबांनी सांगितलं ते सगळं बरोबर आहे, पण साध्या मंगळवारी तुम्हाला मिरवणूक दिसेल, तेरा दिसणार नाही.

मी वसईचा, कुपारी, म्हणजे तिथल्या कॅथलिक समाजातला. २०१९ च्या मेमध्ये आईला घेऊन गेलो होतो. ती तेव्हा ७८ वर्षांची. विमान तिने जवळून पाहिलं ते एकदम आतूनच. अंगावर लाल लुगडं, वरून माझ्या मुलाचं जाकीट, पायांत कापडी बूट. साडीचा प्रश्न मिटला ना? त्या वर्षी मनिलाचे कार्डिनल ताग्ले मुख्य याजक होते, त्यामुळे युरोपभर कामाला असलेल्या फिलिपिनो बायका झुंडीने आल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी आईबरोबर फोटो काढून घेतले.

आधी माझा मूर्खपणा सांगतो, म्हणजे तुमच्याकडून होणार नाही. रेल्वेच्या यादीत "फातिमा" नावाचं स्टेशन दिसलं आणि मी खुशीत तिकीट काढलं. उतरलो तर चहूकडे झाडी, एक बाकडं आणि आमच्यासारखंच फसलेलं एक पोलिश जोडपं. तीर्थस्थान तिथून वीसेक किलोमीटर लांब! आईने चारी दिशांना बघून विचारलं, "चर्च कुठाय?" वसई रोडला उतरून किल्ला शोधणाऱ्या पाहुण्यांना आम्ही जन्मभर हसलो, त्याची परतफेड झाली. चौघांत टॅक्सी केली. रस्त्याच्या कडेने पिवळी चमकती जाकिटं घातलेली माणसं चालत होती, दहा-दहा, वीस-वीसच्या टोळ्या, काठ्या टेकत, काही लंगडत. लिस्बनहून चालत यायला चार-पाच दिवस लागतात, उत्तरेकडून आणखी जास्त. आई काचेला नाक लावून बघत होती. "आपण गाडीत बसलोय," म्हणाली. एवढंच. पण मला ते लागलं.

आता जागा. तिथे पोचल्यावर दिसतं ते चर्च नाही, मैदान. केवढं? आमच्या पापडीचा शुक्रवारचा बाजार त्यात कितीदा मावेल याचा मी हिशेब सोडून दिला. एका टोकाला रोझरी मातेचं बासिलिका, म्हणजे मोठं चर्च, मनोरा ६५ मीटर उंच. दुसऱ्या टोकाला २००७ मध्ये बांधलेलं गोल, बसकं, नवं बासिलिका, आत आठ हजारांवर माणसं बसतात. मधला उतार उघडा. आणि त्या उतारावर एका बाजूला, मोठ्या छपराखाली, एक एवढीशी पांढरी खोली. ती कापेलिन्या, म्हणजे छोटं चॅपेल. १९१९ मध्ये गावकऱ्यांनी बांधलं, १९२२ मध्ये कोणी तरी सुरुंगाने उडवलं, परत बांधलं. सगळं जग तिथे येतं ते त्या खोलीसाठी. मोठी दोन चर्चेस नंतरची.

आईला त्या तीन पोरांची गोष्ट पाठ होती. लुसिया दहाची, फ्रान्सिस्को नऊचा, जासिंता सातची. मेंढरं राखायला गेलेली. १३ मे १९१७ पासून ऑक्टोबरपर्यंत दर तेराला त्यांना पवित्र मरिया दिसली. फक्त ऑगस्टमध्ये तारीख चुकली, कारण तालुक्याच्या अंमलदाराने तेराला पोरांना धरून नेलं होतं. सरळसोट, तुम्ही मानू नका, कोणी जबरदस्ती केलेली नाही. तेव्हाच्या सरकारनेही मानलं नव्हतं. पण त्या ऑक्टोबरात पावसात चिखल तुडवत हजारोंनी माणसं आली, आणि धर्मसंस्थेची टर उडवणाऱ्या 'ओ सेक्युलु' या लिस्बनच्या वर्तमानपत्राचा बातमीदारही आला. सूर्य नाचला असं लोक म्हणाले. बातमीदाराने ते तसं छापलं आणि शिव्या खाल्ल्या. त्यानंतर दीड-दोन वर्षांत फ्रान्सिस्को गेला, पुढच्या वर्षी जासिंता. तापाच्या साथीने. आपल्या मुंबईत १९१८ मध्ये घरंच्या घरं रिकामी केली, तीच साथ. हे मला तिथे थडग्यांसमोर उभं असताना सुचलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "माझ्या आजोबांचे दोन भाऊ त्यातच गेले." तोपर्यंत हे मला घरात कोणी सांगितलं नव्हतं. लुसिया मात्र नन झाली आणि २००५ पर्यंत जगली.

बाराची रात्र. साडेनऊला कापेलिन्यापाशी जपमाळ सुरू होते. हातात मेणबत्ती, तिला वाऱ्याचा आडोसा म्हणून कागदी पेला. एक दशक (जपमाळेच्या दहा मण्यांचा टप्पा) पोर्तुगीजमध्ये, एक स्पॅनिशमध्ये, एक इंग्लिशमध्ये, असं चालतं. पुढचा माणूस अर्धी प्रार्थना म्हणतो, बाकीची अर्धी लोक आपापल्या भाषेत. आईने काय केलं? आमच्या घरी रोज संध्याकाळी जसं म्हणते तसं, त्याच सुरात, त्याच आवाजात, मराठीतून "हे पवित्र मरिये" सुरू केलं. मी आधी इकडेतिकडे बघितलं. कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे तेच करत होते. शेजारची पोर्तुगीज म्हातारी आणि आई, दोघींचं "आमेन" एकाच वेळी पडत होतं. प्रत्येक दशकानंतर आम्ही "हे माझ्या येशू" म्हणतो ना, तीही प्रार्थना फातिमाचीच, त्या तीन पोरांनी सांगितलेली. वसईच्या ओटीवर मी ती लहानपणी डुलक्या घेत हजारदा म्हटली असेन. तिचं गाव हे, एवढं मला ठाऊक नव्हतं.

मग मूर्ती बाहेर येते, पांढऱ्या फुलांच्या पालखीत, माणसांच्या खांद्यावर. मैदानातले दिवे मंद करतात. गाण्याचं धृपद आलं की सगळे एकदम मेणबत्त्या वर करतात, आणि खाली घेतात, परत वर. पहिली दहा मिनिटं मी मोबाइल उंच धरून होतो. मेण हातावर सांडलं तेव्हा बंद केला. ताई, तो मोबाइल लेकीकडे द्या.

त्यानंतर उघड्यावर मिस्सा, म्हणजे ख्रिस्तप्रसादाची उपासना, झाली. मधे लॅटिन आलं आणि आई एकदम जागी झाली. तिच्या लहानपणी वसईत मिस्सा लॅटिनमध्येच असायची, मराठी आली ती साठच्या दशकात. ती न अडखळता म्हणत होती. पन्नास वर्षं ते कुठे ठेवलं होतं कोण जाणे.

बहुतेक लोक मिरवणूक बघून जातात. तुम्ही थांबा. खरी फातिमा मध्यरात्रीनंतर आहे. मैदान अर्धं रिकामं होतं. उरलेले घोंगड्या, घडीच्या खुर्च्या, झोपायच्या पिशव्या काढतात. आमच्याकडे काहीच नव्हतं. एका कुटुंबाने आईला खुर्ची दिली आणि मला पुठ्ठा. त्यांनी डबा उघडला. बाईने बोट दाखवून म्हटलं, "बटाटा." आई चमकलीच. मग तिने पावाकडे बोट केलं, "पाव?" ती बाई हसून "पांव, पांव" म्हणाली. दोनशे वर्षं या लोकांचं राज्य होतं आमच्यावर, १७३९ ला चिमाजी आप्पांनी घालवलं. एवढ्या भांडवलावर दोघी तासभर बोलल्या. बादलीपर्यंत पोचल्या होत्या, तेवढ्यात मला झोप लागली.

तीनला थंडीने जाग आली. उतारावरून कापेलिन्याकडे जाणारा गुळगुळीत संगमरवरी पट्टा आहे, त्यावरून लोक गुडघ्यांवर जातात. दिवसा तिथे गर्दी असते. तेव्हा एकच माणूस होता. पन्नाशीचा, ट्रक चालवणारा वाटावा असा आडवातिडवा. दर चार-पाच फुटांवर थांबायचा. त्याची बायको शेजारून त्याच्याच वेगाने चालत होती, त्याचे बूट हातात धरून. कोणासाठी, कशासाठी, मला काय माहीत. सरळसोट, "बघवत नाही" म्हणालात ते मला पटतं. मलाही बघवलं नाही. मी मान खाली घातली.

आई म्हणाली, मी पण जाते. मी नाही म्हटलं. थोडं जोरातच. मग तिने बूट काढले आणि त्या पट्ट्याच्या कडेने अनवाणी चालत गेली. परत आल्यावर पाय बर्फ झालेले. मी चोळत बसलो, आणि तिथेच आमचं भांडणही मिटलं. भांडण घरचं होतं, जुनं, ते इथे लिहीत नाही.

आणखी एक फजिती. पहाटे एक रांग दिसली, कॉफीची समजून मी उभा राहिलो. ती पाय धुण्याची निघाली. चालत आलेल्यांचे पाय स्वयंसेवक धुतात, फोडांना मलमपट्टी करतात. माझा नंबर आला तर त्या पोरीने माझ्या पॉलिश केलेल्या बुटांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी "कॉफी?" म्हटलं. रांगेतले सगळे हसले. लंगडणारेसुद्धा.

सकाळी नवाला जपमाळ, दहाला मोठी मिस्सा, आजाऱ्यांना आशीर्वाद, आणि शेवटी निरोप. मूर्ती परत कापेलिन्याकडे निघते आणि सगळं मैदान पांढरे रुमाल हलवतं. आईकडे रुमाल नव्हता. माझा होता, त्याला कॉफीचा डाग. तिने डाग मुठीत धरला आणि हलवत राहिली, पालखी दिसेनाशी झाल्यावरही. मोठ्या सणाच्या दिवशी मूर्तीला सोन्याचा मुकुट असतो. १९८१ मध्ये १३ मेलाच पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या होत्या ना, त्यातली एक गोळी त्या मुकुटात बसवली आहे. आईला ती बघायची होती. एवढ्या लांबून कुठे दिसते.

आता तुमच्या बाईंची मेणबत्ती. हे नीट वाचा, आमचं इथे चुकलं होतं. हातातली मिरवणुकीची मेणबत्ती वेगळी आणि नवसाची वेगळी. नवसाच्या मेणबत्त्या लावायची जागा कापेलिन्याच्या शेजारी आहे. बाराच्या संध्याकाळी तिथे ज्योती नसतात, जाळ असतो. लावलेली मेणबत्ती उभीच राहत नाही, गरमीने वाकते, लोक लांबूनच आत टाकतात. काळा धूर, होळीसारखी धग. आईने टाकायला साफ नकार दिला. "लावायला आणली, फेकायला नाही." आम्ही ती पिशवीत ठेवली आणि पहाटे चारला परत गेलो. तेव्हा जाळ बसला होता. नीट उभी राहिली, आम्ही ती अर्धी होईपर्यंत थांबलो. तुम्हीही चारला जा. मेणबत्ती मैदानातच मिळते, आपण घ्यायची आणि पेटीत पैसे टाकायचे. काही लोक ज्याच्यासाठी लावायची त्याच्या उंचीची घेतात. मेणाचे हातपायही दिसतील. त्यात परकं काही नाही, वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेत आपणही तेच घेतो.

बाकीच्या शंका: गुडघे टेकू नका, बसून राहा किंवा उभ्या राहा, तिथे निम्मे लोक म्हातारे आहेत. ख्रिस्तप्रसाद मात्र घेऊ नका. तो प्रसादासारखा प्रसाद नव्हे, बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांसाठीच आहे. त्या वेळी आपल्या जागेवर थांबायचं, कोणाला काही वाटत नाही. स्वच्छतागृहं आहेत, चांगली आहेत, पण निरोपाच्या आधी तासभर रांग लागते. कागद सोबत ठेवा. घडीची खुर्ची लिस्बनला विकत घ्या, हा खर्च टाळू नका.

दृष्टीआड

मी नेत्रतज्ज्ञ आहे, म्हणून एकच. अशा ठिकाणी कोणी ना कोणी "सूर्य नाचतोय" म्हणून वर बघतं आणि मग शेजारचेही बघू लागतात. श्रद्धा आपल्या जागी, पण सूर्याकडे थेट बघू नका, ढगाआडूनसुद्धा. पडद्याला इजा होते तेव्हा दुखत नाही, दुसऱ्या दिवशी मधोमध काळा ठिपका दिसायला लागतो आणि तो कधीकधी तसाच राहतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर अधिकच जपा.

सरळसोट

बावखल, मी तिथे दीड तास होतो, त्यातला एक तास दुकानांत, कारण बस तिथेच थांबली होती. रात्रीचं मी पाहिलेलं नाही हे मान्य. बाकी मत कायम.

त्या बुटांचं मात्र लक्षात राहील.

बावखल

दुकानं बाहेरच्या गल्ल्यांत आहेत, मैदानात नाहीत. तुमच्या टूरवाल्याला पोहे खायला घाला, बाकी काय बोलू. आणि हवा सांगणारी ती मूर्ती आईनेही घेतली होती. वसईच्या पावसाळ्यात चार महिने एकाच रंगाची असते.

तेजो_काठचा

मी माझा सल्ला मागे घेतो. सहा वर्षांत तीनदा गेलो, तिन्ही वेळा रात्री अकराच्या आत परतलो. काकू, घडीची खुर्ची माझ्याकडे आहे, लेकीला मला निरोप करायला सांगा. दोन आहेत.

चारुशीला_सातारा

सगळ्यांचे आभार. बावखल, तुमचा प्रतिसाद लेकीला मोठ्याने वाचून दाखवला. ती मधे दोनदा फोन बघायचा थांबली, यावरून काय ते समजा. तिने रजा टाकली आहे. लैरियाला बारा-तेराला एक खोली मिळाली, महाग आहे. पण रात्री आम्ही तिथे नसणारच, तर खोली कशाला असं मी विचारलं. "आंघोळीला," म्हणाली.

डॉक्टर, मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे झालेत. मान खालीच ठेवीन.

आज बाईंना फोन करून उंचीच्या मेणबत्तीचं सांगितलं आणि विचारलं, तुमची उंची किती? "पाच फूट एक," म्हणाल्या. मी एकवीस वर्षं त्यांच्या शेजारी बसले आहे. फळ्याच्या वरच्या ओळीसाठी त्या शिपायाकडून स्टूल मागवायच्या. चार फूट दहा, त्याच्यावर एक इंच नाही. तसं म्हटलं तर म्हणाल्या, "तरुणपणी होते." मग थोडा वेळ थांबून, "तू पाच एकचीच बघ. नवीन गुडघ्यांनी वाढले असेन थोडी."